प्रकल्प अर्ध्यावर, माणसं नवीन

अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला वाहतुकीला खुली झाली आणि लगेच सगळ्या शहराच्या एक गोष्ट लक्षात आली. नवा पूल वर राहिला होता आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल खाली. दोघांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक. आधीच्या पुलाचा एक भाग ३ जुलै २०१८ ला रेल्वेमार्गावर कोसळला होता. नोव्हेंबर २०२२ पासून पूल बंद होता. त्यामुळे लोक आधीच वैतागलेले होते, त्यात हे. समाजमाध्यमांवर थट्टेला ऊत आला. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूने १३९७ आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला गेला आणि जुलै २०२४ मध्ये जोडणी झाली. ज्यांनी ते उचलण्याचं काम केलं त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

रेल्वेच्या बदललेल्या निकषांमुळे रुळांवरच्या पुलाची उंची वाढवावी लागली, हे त्यामागचं कारण त्या वेळी सांगितलं गेलं. कारण खरंच आहे. तरी चर्चा ‘चूक कुणाची’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली, ते मला अपुरं वाटतं. महापालिकेचं पूल खातं, रेल्वे, सल्लागार, कंत्राटदार अशा चार-पाच यंत्रणा एका पुलावर काम करतात, तेव्हा पहिल्या नकाशापासून शेवटच्या डांबरापर्यंत एकाच टेबलाभोवती बसलेली किती माणसं असतात? एका बाजूची उंची वाढली की दुसऱ्या बाजूचं काय, हे कुणाच्या तरी तोंडून पहिल्याच बैठकीत सहज निघायला हवं. ते निघतं तेव्हा ते एखाद्याच्या हुशारीमुळे क्वचितच निघतं. बहुतेक वेळा ते निघतं कारण ती माणसं एकमेकांना ओळखतात आणि ‘हे आपल्या खात्याचं नाही’ असं म्हणून गप्प बसायची त्यांची सवय मोडलेली असते.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. एकत्र काम करायला माणसं शिकतात, त्याला वेळ लागतो, त्या वेळात भांडणं होतात, आणि तो वेळ हा प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग आहे. मुंबईत आपण तो खर्च करतो आणि टीम जुळून आली की ती मोडून टाकतो. मग नव्याने तोच खर्च करतो. अंदाजपत्रकात तो कुठेच दिसत नसल्यामुळे कुणाला त्याचं दुःखही होत नाही.

ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये लहान गटांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासून एक क्रम मांडला. गट आधी नुसता जमतो, सगळे जपून बोलतात. मग खटके उडतात, कुणाचं चालणार यावरून ओढाताण होते. त्यातून हळूहळू काही रीतीभाती ठरतात, आणि त्यानंतर कुठे खरं काम सुरू होतं. १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत त्याने पाचवी पायरी जोडली, गट विसर्जित होण्याची. त्याने तपासलेले बरेच अभ्यास मानसोपचाराच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांवरचे होते, त्यामुळे प्रत्येक टीम याच पायऱ्यांनी जाते असा त्याचा अर्थ काढू नये. पण साइटवर चार वर्षं काढलेल्या कुणालाही दुसरी पायरी सांगावी लागत नाही. ती आपल्याकडे प्रत्येक कामात येते, आणि आपण तिला अपयश समजतो. दोन खात्यांचे अभियंते बैठकीत आवाज चढवून बोलले की वरिष्ठ म्हणतात, ‘याला बदला.’ तो आवाज चढणं म्हणजे दोघांनीही पहिल्यांदा खरं बोलायला सुरुवात केलेली असते.

मी सल्लागार कंपनीच्या बाजूने साइटवर राबलेला माणूस आहे. मध्य मुंबईतल्या एका रस्त्याचं काम चालू होतं. पर्जन्यवाहिनी मोठी करायची होती आणि तिच्या वाटेत जुनी जलवाहिनी येत होती. नकाशात ती पदपथाखालून सरळ जात होती. वाहतूक पोलिसांनी रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच परवानगी दिलेली. आठवड्याच्या बैठका साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये होत. सुरुवातीच्या बैठका म्हणजे नुसती टोलवाटोलवी असे. कंत्राटदाराचा माणूस म्हणे, लाइन हलवून द्या मग काम करतो. जलखात्याचे दुय्यम अभियंता म्हणत, पत्र द्या. आम्ही म्हणत असू, पत्र गेल्या महिन्यातच दिलं आहे. एकदा तर खर्च कुणी करायचा यावरून एवढी जुंपली की चहा तसाच थंड झाला आणि सगळे उठून गेले.

त्या भांडणानंतर गाडी रुळावर आली. आपल्याला कशाची भीती आहे हे दोन्ही बाजूंनी बोलून झालं होतं. कंत्राटदाराला बिल अडकण्याची भीती होती, दुय्यम अभियंत्यांना पाइप फुटला तर सकाळी दोन हजार घरांना उत्तर देण्याची. पुढच्या बैठकीला ते आपल्या चावीवाल्याला घेऊन आले. पाणी सोडण्याच्या वेळी रस्त्यावरचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा हा महापालिकेचा कर्मचारी. त्याला खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला. फोरमनने त्याला ‘मामा, बसा हो’ म्हणून बसवलं. नकाशा बघून तो म्हणाला, ‘साहेब, ही लाइन इथं नाहीच. शाळेच्या गेटापाशी ती रस्त्यात वळते. मी रोज तिची चावी फिरवतो, मला पाण्याचा आवाज कुठून येतो ते ठाऊक आहे.’ त्याच रात्री त्याने दाखवलेल्या जागी खड्डा घेतला आणि पाइप हातभर खाली सापडला. त्यानंतर पत्रं बंद झाली नाहीत, पण ती काम झाल्यावर नोंदीसाठी जाऊ लागली. रात्री दोन वाजता फोन लागायचा, पाइपाला मोजायची टेप लावलेला फोटो यायचा, ‘अजून सहा इंच डावीकडे’ असं उत्तर जायचं.

मग त्या अभियंत्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले तरुण अभियंता हुशार होते, कामसू होते. त्यांनी पहिल्या बैठकीत सांगितलं, ‘मला सगळं लेखी द्या.’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ते आम्हाला ओळखत नव्हते आणि त्यांची सही उद्या कुठे दाखवली जाईल याची त्यांना खात्री नव्हती. चावीवाल्याला बोलवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. डांबर टाकून बुजवलेला खड्डा पुन्हा त्याच जागी खणला गेला, कारण पहिल्या खड्ड्याची नोंद एका माणसाच्या डोक्यात आणि एका फोनमध्ये होती.

हा काही एका साइटचा किस्सा नाही. विप्रोच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर रॉबर्ट हकमन, ब्रॅडली स्टॅट्स आणि डेव्हिड अप्टन यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टीममधल्या लोकांनी आधी एकमेकांसोबत किती काम केलं आहे, हे त्यांनी मोजलं. ही ओळख पन्नास टक्क्यांनी वाढली तर दोष १९ टक्क्यांनी आणि ठरलेल्या बजेटपासूनची तफावत ३० टक्क्यांनी कमी होते, असं त्यांना आढळलं. नुसती नोकरीची वर्षं बघितली तर कामगिरीशी तसा सरळ संबंध दिसला नाही. म्हणजे वीस वर्षं मुरलेली पाच माणसं एकत्र आणली म्हणून वीस वर्षं मुरलेली टीम तयार होत नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये वैमानिकांच्या चुकांशी संबंधित मोठ्या विमान अपघातांचा आढावा घेतला. ज्या अपघातांबाबत ही माहिती मिळाली, त्यांतले ७३ टक्के त्या कर्मचाऱ्यांच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी झाले होते. तपासलेल्या अपघातांची संख्या लहान होती हे खरं, पण विमानात तर प्रत्येकाचं काम नियमाने बांधलेलं असतं, प्रत्येक वाक्य ठरलेलं असतं. तिथेही पहिला दिवस इतका जड जात असेल, तर जमिनीखाली काय आहे हेच ज्यांना नक्की माहीत नाही त्या आपल्या रस्त्यांवर काय होत असेल?

आता आपली व्यवस्था बघा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. साधारण तीन वर्षांची मुदत, आणि बदल्या शक्यतो वर्षातून एकदा एप्रिल किंवा मे महिन्यात. हा कायदा मनमानी बदल्यांना आळा घालण्यासाठी आला, आणि त्याचा हेतू चांगलाच होता. मुलांच्या शाळेचं वर्ष बुडू नये हाही विचार त्यात आहे, आणि तो माणुसकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित कार्यकाळ हवा असं बजावलं. महापालिकेचे नियम वेगळे आहेत, तरी विचार तोच: मुदत माणसाच्या खुर्चीची मोजायची. प्रकल्प कुठल्या टप्प्यावर आहे याचा त्यात कुठेच संबंध येत नाही. खुर्चीतला माणूस पाइल (पायाचे खोल खांब) टाकून झाल्यावर जातो की पाइल टाकता टाकता जातो, याने बदलीच्या आदेशात काही फरक पडत नाही. पण गोविंदा पथकात चौथा थर चढत असताना दुसऱ्या थरातला माणूस कुणी बदलत नाही.

मुंबईत तर याला पावसाळ्याची जोड आहे. रस्त्यांची खोदकामं मे अखेरीस थांबतात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होतात. कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये काही प्रकल्पगटांचा जवळून अभ्यास केला. त्यांना दिसलं की गट पायरी-पायरीने पुढे सरकत नाहीत. ठरलेल्या मुदतीचा साधारण अर्धा काळ उलटला की ते थांबून आपल्या पद्धतीकडे बघतात आणि एकदम कूस बदलतात. आपल्याला हा थांबा निसर्गाने फुकट दिलेला आहे. जून ते सप्टेंबर या काळात त्याच टीमने नकाशे आणि प्रत्यक्ष सापडलेल्या वाहिन्या ताडून बघाव्यात, गेल्या मोसमात कुठे अडकलो ते मोकळेपणी बोलावं, पुढचे खड्डे ठरवावेत. त्याऐवजी आपण नेमक्या त्याच तोंडावर माणसं हलवतो. ऑक्टोबरमध्ये काम सुरू होतं तेव्हा नवा अधिकारी आधीच्या फायली चाळत असतो, आणि ज्याला माहीत होतं तो कुठेतरी दुसऱ्या फायली चाळत असतो.

काम रखडलं की आढावा बैठकीत एक हुकूम हमखास येतो: ‘मनुष्यबळ वाढवा.’ खडी फोडायची असेल तर त्याचा उपयोग होईल. पण समन्वयाचं काम असेल तर हिशेब उलटा लागतो. पाच माणसांमध्ये दोघादोघांचे दहा दुवे असतात, दहा माणसांमध्ये पंचेचाळीस. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर त्याला आणखी उशीर होतो, कारण नव्या माणसांना शिकवायला जुनीच माणसं लागतात. आपल्या साइटवरचे तरुण अभियंते बऱ्याचदा कंत्राटी असतात, थोडी जास्त पगाराची नोकरी मिळाली की जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यांना प्रकल्प संपेपर्यंत थांबावंसं वाटेल असं आपण काय देतो? निविदेत यंत्राची क्षमता लिहिलेली असते, सिमेंटची प्रत लिहिलेली असते. कागदावर दाखवलेल्या मुख्य माणसांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले, हे कुणीच विचारत नाही.

या शहराने दुसरी बाजूही पाहिली आहे. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल लष्कराकडे सोपवण्यात आला. त्याच्या सोबत करी रोड आणि आंबिवलीचेही. फेब्रुवारी २०१८ अखेर एल्फिन्स्टनचा पूल लोकांच्या पायाखाली आला, म्हणजे दुर्घटनेनंतर पाच महिन्यांत. लष्कराला हे जमलं याची कारणं अनेक आहेत. परवानग्यांचे अडथळे वरून दूर केले गेले, जोडून उभारायचे तयार भाग त्यांच्याकडे होते, आणि तो पूल काही गोखले पुलाएवढा गुंतागुंतीचा नव्हता. तेव्हा नागरी कामं सैनिकांकडे द्यायची का, असा वादही झाला, आणि माझ्या मते तो वाद रास्त होता. पण सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, तुकडी पूल उभारताना पहिल्यांदा एकत्र येत नाही. त्यांनी तेच काम एकमेकांसोबत सरावात पुन्हा पुन्हा केलेलं असतं. कोण कुठे उभा राहणार, कुणाच्या आवाजावर भाग उचलायचा, हे त्या रात्री ठरवावं लागत नाही. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर हे घ्यायला हवं.

यावर एक जोरदार आक्षेप आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. एकाच जागी, एकाच कंत्राटदारासोबत अधिकारी फार काळ राहिला की साटंलोटं होतं. मुंबईने २०१६ मध्ये रस्त्यांच्या कामांतला घोटाळा पाहिला आहे. बदली हे त्यावरचं औषध आहे, असं म्हणणारे चुकीचे नाहीत. पण ते औषध सगळ्या शरीराला दिलं जातं. ज्याची सही मोजमाप पुस्तकावर आणि बिलावर होते, त्याला जरूर फिरवा, त्याच्यावर बाहेरचा तपासनीस ठेवा, कामाचे फोटो आणि मोजमापं सगळ्यांना दिसतील अशी ठेवा. पण जो अभियंता रेल्वे, वीज कंपनी, जलखातं आणि कंत्राटदार यांच्यात रात्री दोन वाजता ताळमेळ घालतो, त्याच्या हातात पैसे नसतात. त्याच्याकडे ओळख असते, आणि ती ओळख भ्रष्टाचाराची नाही, भरवशाची असते. या दोन कामांत फरक करायचा कंटाळा म्हणून आपण दोघांनाही एकाच आदेशाने हलवतो.

जुनी टीम शिळी होते, हाही आक्षेप खरा आहे. राल्फ कॅट्झ यांनी संशोधन विभागांतल्या पन्नास गटांचा अभ्यास १९८२ मध्ये मांडला. गटातली माणसं सरासरी दोन ते चार वर्षं एकत्र असताना कामगिरी चांगली राहते आणि पाचेक वर्षांनंतर ती घसरते, असं त्यात दिसलं, कारण असे गट बाहेरच्यांशी बोलणं कमी करतात. म्हणून टीम जन्मभर ठेवा असं मी म्हणत नाही. टप्पा संपला की बदला, थोडी बदला, आणि जाणारा व येणारा एक महिना एकाच साइटवर सोबत फिरू द्या. हस्तांतराच्या यादीत फायलींसोबत माणसांची यादीही असू द्या: अमुक ठिकाणच्या जलवाहिनीसाठी हा चावीवाला, रेल्वेच्या ब्लॉकसाठी हे सेक्शन इंजिनिअर, गल्लीतल्या लोकांशी बोलण्यासाठी या बाई. आपल्याकडे ही दुसरी यादी कधीच तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट टीम टिकण्याइतकीच महत्त्वाची आहे. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांचा अभ्यास करताना दिसलं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. त्या जास्त चुका करत होत्या असं नव्हतं. तिथल्या परिचारिका चूक झाल्याचं सांगायला घाबरत नव्हत्या. आमच्याकडे कनिष्ठ अभियंत्याने ‘इथं उंची जुळत नाही’ असं बैठकीत म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, ‘मग तुम्ही आधी काय करत होता?’ एकदा असं उत्तर मिळालं की तो पुन्हा कधी बोलत नाही. आणि नव्याने आलेला माणूस तर पहिले सहा महिने तसाही बोलत नाही. वारंवारच्या बदल्या म्हणजे सतत गप्प असलेली टीम.

सध्या मुंबईत एकाच वेळी चाललेली कामं बघा. गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता, सागरी किनारा रस्त्याचा उत्तरेकडचा भाग, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगदा, ठाणे–बोरिवली जुळे बोगदे, शीवचा पूल आणि एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूल. यातलं एकही काम एका खात्याचं नाही. शीवच्या पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि पोहोचरस्ते महापालिकेचे आहेत. नेमक्या अशाच सांध्यावर अंधेरीत पंचाईत झाली होती. भूमिपूजनाच्या फलकावर आज खर्च, लांबी, मुदत आणि नेत्यांची नावं असतात. त्याच फलकावर प्रत्येक यंत्रणेतल्या एका समन्वय अभियंत्याचं पद लिहावं आणि तो कुठल्या टप्प्यापर्यंत हलवला जाणार नाही हेही लिहावं. मधेच हलवायची वेळ आलीच तर कारण आणि नव्या माणसाच्या सोबतीचा महिना जाहीर करावा. निविदेच्या गुणांकनात कंत्राटदाराने मागच्या कामातली किती मुख्य माणसं या कामावर आणली आहेत, याला वजन द्यावं. काम सुरू होण्याआधी सगळ्या यंत्रणांची माणसं काही आठवडे एकाच केबिनमध्ये बसवावीत, एका नकाशावर, आणि त्यांना भांडू द्यावं. तेव्हाचं भांडण कागदावर होतं, आणि कागद खोडायला जॅक लागत नाहीत.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पालिका आयुक्त, एमएमआरडीए आणि दोन्ही रेल्वेंचे महाव्यवस्थापक यांनी एकदा एकत्र बसून शीवच्या कामापासून सुरुवात करायची ठरवली, तर येत्या पावसाळ्याच्या आतही हे होऊ शकतं.